काकडीवरचा मोर

"माणसाच्या चपलेवरून मी त्याचा तालुका सांगतो," असं कानिफनाथ सांगायचे. "ढेकरेवरून भाजी सांगतो. संगमनेरपासून कर्जतपर्यंत माझ्या तोडीचा डिटेक्टिव्ह नाही. असलाच तर अजून सापडलेला नाही, कारण शोधणार कोण? मीच!"

हे ऐकणाऱ्याला उभ्यानंच ऐकावं लागायचं, कारण ‘डोळस डिटेक्टिव्ह एजन्सी’त खुर्ची एकच होती आणि तिच्यात कानिफनाथ होते. त्याआधी तेवीस वर्षं ते नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर कामगारांचे डबे तपासत. शेजारच्या स्टुलावर बसून रजिस्टर लिहायचा तो रामहरी. रिटायर झाल्यावर साहेबांनी एजन्सी काढली, स्टूल सोबत आणलं, आणि स्टुलाबरोबर रामहरीही आला. नको म्हणायचं त्याच्या मनात होतं, पण साहेबांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

त्या सोमवारी कोपऱ्यावरच्या खानावळीचा मालक बिभीषण रडवेल्या तोंडानं आत शिरला.

"साहेब, माझ्या खानावळीत ताटं सजायला लागलीत हो!"

रामहरी रजिस्टर लिहिता लिहिता थांबला. बायको पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून तो तिथंच जेवायचा. पंधरा दिवसांपूर्वी बिभीषणनं खणांची जुनी ताटं माळ्यावर टाकून एका बंद पडलेल्या हॉटेलची सपाट ताटं आणली, आणि त्याच दुपारी रामहरीच्या पुढ्यात ते आलं: आमटी, भात, वांगं, घडी घातलेली बाजरीची भाकरी, आमटीच्या कडेनं काकडीच्या चकत्यांची एकमेकींवर रेललेली रांग, आणि रांगेवर गाजराचा मोर. लवंगेचा डोळा, कोथिंबिरीचा पिसारा. दुसऱ्या कुणाचं ताट चुकून आपल्याला आलं, असं वाटून तो परत द्यायला निघाला होता. ताट ही बघायचीही गोष्ट असते, हे साठ वर्षांत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आधी पब्लिक धा मिनटात उठायचं," बिभीषण सांगत होता. "आता बघत काय बसतंय, फोटो काय काढतंय! बाहेर ही लाइन. माणसं पाळीवर उशिरा जातात आणि सुपरवायझर माझ्या नावानं शिमगा करतात."

"मग स्वयंपाकघरात जाऊन विचारा की," रामहरी म्हणाला.

"कसा जाऊ? लंकाबाईंनी नऊ वर्षांमागं सांगून ठेवलंय, तुमी गल्ल्यावर बसायचं, चुलीकडं फिरकला की मी चालले. त्या गेल्या की खानावळीला कुलूप! तुम्ही गुपचूप कारण शोधा आणि हे बंद करून द्या."

साहेबांनी केस घेतली. ही केस साहेबांनी हरावी, अशी रामहरीची मनापासून इच्छा होती. साहेबांचा आजवरचा इतिहास बघता आशेला जागाही भरपूर होती.

खानावळीत ताट खिडकीतून मिळायचं. आतून लंकाबाईंचा चुडा भरलेला हात बाहेर यायचा आणि मागून आवाज.

"टेबल कंचं?"

"दोन," कानिफनाथ म्हणाले.

"घ्या. हाय तसंच ठिवा. फिरवू नका."

टेबलाशी येताच साहेबांनी रामहरीचं मनगट धरलं. "ऐकलंस? फिरवू नका! ही बाई साधी नाही. हिच्या मागे कोण आहे?"

"मागं भिंत हाय, साहेब."

पहिला निष्कर्ष मंगळवारी निघाला. "औद्योगिक घातपात! कामगार मोर बघतो, मशीन बंद राहतं, देश मागे पडतो."

"काकडीनं?"

"काकडीवर कुणी संशय घेत नाही, रामहरी. तिथंच तिचं यश आहे."

बुधवारी साहेब मिशांना कलप लावून आले. काल मोर एकटक आपल्याकडेच बघत होता, तेव्हा हा प्रेमाचा मामला आहे, असं त्यांनी जाहीर केलं. खानावळीतला प्रत्येक मोर आपापल्या गिऱ्हाइकाकडे बघत होता, हे रामहरीनं सांगून पाहिलं. पण साहेब तोवर खिडकीत वाकले होते. "लंकाबाई, भावना पोचल्या."

"कोन भावना? टेबल सांगा, मागं लाइन हाय!"

गुरुवारी होकायंत्र आलं. साहेबांनी चारही टेबलांचा नकाशा काढला आणि प्रत्येक ताटात काकडीची रांग आमटीच्या कुठल्या बाजूला आहे, त्या बाजूला बाण काढला. चारही बाण खोलीच्या मधोमध जाऊन भिडले. तिथं गटाराची लोखंडी जाळी होती, कारण खानावळ होण्याआधी त्या जागेत गाड्या धुवायचं सेंटर होतं.

"गुप्तधन!" साहेब पुटपुटले. "हात घाल."

"साहेब, मी जेवायला बसलोय."

शेवटी साहेबांनी स्वतःच हात घातला. पाच चमचे निघाले, एक बटण निघालं, हात मात्र निघेना. जेवणारे जेवत राहिले. गल्ल्यावरून बिभीषण लाइन बघून नेहमीसारखा ओरडला, "लंकाबाई, आमटीत आणखी एक तांब्या सोडा!"

त्याच वेळी तीन नंबरवर भीमाबाई जेवायला बसल्या. कर्जतकडच्या शेतकरीण, विहिरीवरची मोटार जळाली म्हणून तिची वाइंडिंग भरून घ्यायला आल्या होत्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, टेबलाखाली डोकावल्या आणि खो खो हसत सुटल्या.

"अगं बया! हा बांध कुनी घातला गं? उताराला आडवा, कसा झ्याक बसलाय!"

खिडकीतून पहिल्यांदाच लंकाबाईंचा चेहरा बाहेर आला. गोल, घामेजलेला आणि भलताच खूश. "मी घातला! तुमाला बरं कळलं?"

"कळंना व्हय? जलम गेला बांध घालन्यात."

मग लंकाबाईंनी तिथूनच सगळं सांगून टाकलं. जमीन चारी बाजूंनी गटाराकडं उतरती, त्यामुळे टेबलं कलती. ताटं सपाट, वाट्या मालकांनी कधीच काढून ठेवलेल्या. त्यात तांब्यावर तांब्या पाणी. "आमटी सुटली की भातावर, न्हाईतर भाकरीखाली. भाकरीचा लगदा हुतोय की वो! म्हनून टेबल इचारते आन उताराच्या अंगाला काकडी लावते. ताट फिरवलं की बांध भलतीकडं जातोय, म्हनून फिरवू नका म्हनते."

"आणि मोर?" बिभीषणनं गल्ल्यावरून विचारलं.

"बांध मोकळा ठिवतंय व्हय कुनी? कायतरी लावावं लागतंच की त्याच्यावर."

"मी इथपर्यंत पोचलोच होतो," कानिफनाथ जमिनीवरून म्हणाले. हात अजून जाळीतच होता.

बिभीषणचा चेहरा उजळला. "म्हणजे खणांची ताटं परत वापरात काढली, पाणी कमी केलं, की बांध बंद?"

"मग कशाला लागतोय?" लंकाबाई म्हणाल्या.

रामहरी उभा राहिला. का, ते त्यालाही नीट कळलं नाही.

"मालक, आमटी पातळच राहू द्या," तो म्हणाला. "मी आयुष्यभर खाली मान घालून जेवन उरकलं. डबा म्हना, पंगत म्हना, पोट भरलं की उठायचं. पंधरा दिस झाले, मी आधी बघतो आन मग जेवतो. लई बरं वाटतं ओ. पाहिजे तर आनखी एक तांब्या घाला, पन बांध मोडू नका."

"रामहरी!" साहेब खालून गरजले. "ही आपली केस आहे!"

"केस तुमची, साहेब. ताट माझं."

बिभीषणनं तेल आणून साहेबांचा हात सोडवला, आणि संध्याकाळी माळ्यावरून खणांची ताटं खाली काढली.

शुक्रवारी रामहरीला जेवायला जाववत नव्हतं. गेला, कारण भूक लागली होती. बाहेर लाइनसाठी बाकडं टाकलेलं दिसलं, पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

"टेबल कंचं?"

"तीन," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

चुडा भरलेला हात बाहेर आला. खणांचं जुनंच ताट होतं. आमटी घट्ट, आपल्या खणात गपगुमान बसलेली. भात भाताच्या जागी, वांगं वांग्याच्या. काकडी कुठंच नव्हती. भाकरीच्या घडीवर मात्र पिसारा फुलवून मोर बसला होता आणि त्याच्या शेजारी एक बारकी लांडोर.

रामहरी खिडकीत वाकला. "बाई, आता तर बांधच न्हाई."

"मग? मी कुठं बांध घातलाय? तुमी बगता म्हनून केलंय."

"फिरवू नको ना?" त्यानं सवयीनं विचारलं.

"फिरवा की खुशाल. आता काय सांडतंय?"

रामहरी तीन नंबरवर बसला. मागं लाइन ओरडत होती, शेजारी कानिफनाथ आपल्या मोराची मुंडी चावत नवा निष्कर्ष काढत होते. त्यानं दोन्ही हातांनी ताट धरलं आणि सावकाश, चारी बाजूंनी फिरवून बघून घेतलं. मग भाकरी मोडली.