पेडणेकरांचा कोरा शर्ट

दुबईतल्या ज्या ब्रिटिश शाळेत मी नव्वदच्या दशकात कार्यालयात काम करीत होतो, तिच्या फाटकावर मोरेश्वर पेडणेकर रोज सकाळी उभे राहत आणि मुलांच्या चेहऱ्यांकडे न पाहता कॉलरींकडे पाहत. "यल्ला, कॉलर!" हेच त्यांचे सुप्रभात; 'यल्ला' म्हणजे अरबीत 'चला, आटपा'. कॉलरीवरून त्यांना मुलाची न्याहारी कळे. "टॉम, टुडे एग. यस्टर्डे जॅम." टॉम मान खाली घाली, आणि त्याची आई मोटारीत बसल्या बसल्या ओशाळे.

पेडणेकर गणवेशाच्या कोठीचे प्रमुख होते. म्हणजे कोठीत ते एकटेच होते. त्याआधी बारा वर्षे त्यांनी दुबईच्याच करामा भागातल्या एका लाँड्रीत डाग काढले होते. बेचाळीस अंशांच्या उन्हात मुलांनी टाय का बांधावा, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. "इंग्लंडची थंडी गळ्यात बांधून आणलीय ह्यांनी," असे ते म्हणत. परंतु टाय आहे तर गाठ मधोमधच हवी, याबाबत ते कोणत्याही इंग्रजापेक्षा कडवे होते.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस. शाळा सोडून जाणारी मुले त्या दिवशी एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर मार्करने सह्या करीत, निरोपाच्या ओळी लिहीत. इंग्रजांची ती रीतच आहे. पेडणेकरांना मात्र ते पाहवत नसे.

"पस्तीस दिरहॅमचा शर्ट! म्हणजे साडेतीनशे रुपये झाले. एवढ्यात आमच्या वेंगुर्ल्याला वर्षाच्या वह्या येतात, देसाईसाहेब." मग मुलांकडे वळून गर्जना : "शर्ट इज नॉट नोटबुक!"

"बट मिस्टर पेड, इट्स अवर लास्ट डे!"

"लास्ट डे, नॉट लास्ट शर्ट!"

ते मार्कर जप्त करीत, प्रत्येकावर मालकाच्या नावाची कागदी पट्टी चिकटवीत, बिस्किटांच्या डब्यात ठेवीत आणि मुले घरी निघाली की फाटकावर ज्याचा त्याला परत करीत. चहाच्या खोलीत मी या साऱ्याची नक्कल करीत असे. एकदा ते स्वतःच मागे येऊन उभे राहिले आणि सर्वांपेक्षा मोठ्याने हसले. ते हसणे त्यांचे सौजन्य होते, हे मला फार उशिरा उमगले.

एका वर्षी मुख्याध्यापिकाच इंग्लंडला परत निघाल्या. मुलांनी त्यांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ सह्यांनी भरून टाकली. पेडणेकर नर्सकडून स्पिरिट आणि कापूस घेऊन धावत आले.

"मॅडम, फाइव्ह मिनिट्स. क्लीन!"

"ओ नो, मिस्टर पेडणेकर! आय'ल नेव्हर वॉश इट."

ते कापूस हातात धरून माझ्या टेबलाशी आले. "हा शर्ट धुवायचाच नाही?"

"नाही. जपून ठेवतात. आईबापांच्या नोकऱ्या बदलल्या की ही मुले दुसऱ्या देशात जातात. पुन्हा भेट होत नाही. तेवढीच आठवण."

"म्हणजे तो डाग नव्हे."

"नव्हे."

"इतकी वर्षं मी... आधी सांगायचं नाही का हो, साहेब?"

मला सांगता आले असते. नक्कल चांगली वठत होती, म्हणून मी सांगितले नव्हते.

पुढल्या जूनमध्ये पेडणेकर स्वतःच मार्कर वाटत उभे होते. मुलांच्या शर्टाखाली पुठ्ठा सरकवून ते लाँड्रीतले ज्ञान देत होते : "होम गो, शर्ट उलटा, देन इस्त्री. इंक स्टे. यू ग्रँडमदर, स्टिल स्टे!" मुली हसत होत्या आणि ते त्यांच्या टायच्या गाठी मधोमध आणत होते.

साठी पूर्ण झाल्यावर त्यांचा व्हिसा जुलैच्या अखेरीस संपला. शाळेला सुट्टी लागून महिना होत आला होता. वर्ग बंद होते, शिक्षक मायदेशी गेले होते. कार्यालयात मी एकटाच होतो, आणि शारजाच्या रस्त्यावर गर्दी होण्याआधी घरी पोहोचण्याची मला घाई होती. पेडणेकर नवा पांढरा शर्ट घालून आले. त्यांनी कोठीच्या किल्ल्या दिल्या आणि बिस्किटांचा डबा माझ्यासमोर ठेवला.

"वरचा नवा आहे, साहेब. चांगला उठतो."

"ठेवा, ठेवा. सप्टेंबरात पाहू. गावी कोण असतं आता?"

"घर आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "पाठ कशी दिसते?"

"उत्तम! एक डाग नाही."

"नाही ना?"

"कोरा करकरीत. तुम्हाला शोभेल असा."

ते आणखी थोडा वेळ तसेच पाठमोरे उभे राहिले.

"खलास, मग," असे म्हणून ते वळले, माझ्या टायची गाठ त्यांनी मधोमध आणली आणि ते निघून गेले.

डबा मी सप्टेंबरात उघडला. तळाशी न्यायचे विसरलेल्या मुलांचे मार्कर होते. पट्ट्यांवरची नावे फिकट झाली होती. सर्वांत वर एक नवा मार्कर होता. त्याच्या पट्टीवर पेडणेकरांच्या अक्षरात लिहिले होते : "एम. पेडणेकर. लास्ट डे."