अप्पांचं गिऱ्हाईक

आमच्या शेजारच्या शिवलिंगअप्पांच्या वॉशिंग मशीनवर एक पितळी परात पालथी घातलेली असायची आणि त्या परातीवर वरवंटा. नवीन माणूस हमखास विचारायचा, "अप्पा, आत काय शिजतंय?" अप्पा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "शिजत काय न्हाई. बंदोबस्त हाय."

बंदोबस्त मांजराचा होता. अप्पांचं लातूरच्या गंजगोलाईत भांड्यांचं दुकान होतं आणि उभा जन्म त्यांनी एका वाक्यावर काढला: "हात लावायचं काम न्हाई! तोंडानं सांगा." गिऱ्हाइकानं तांब्या नुसता फिरवून पाहिला तरी अप्पा तो फडक्यानं पुसून जागेवर ठेवायचे. बहिणीच्या लग्नाची भांडी घेताना मीही हा प्रसाद खाल्लाय, त्यामुळे पुढं जे झालं त्याची मला जरा गंमतच वाटली.

काकू गेल्या, दुकान विकलं. बापाला कपडे धुवायचे कष्ट नकोत म्हणून बेंगळुरूच्या मुलानं, महेशनं, मशीन पाठवलं. त्याला उठून दिसणारं एकही बटण नाही. काचेवर बोट टेकवलं की चालू. म्हणजे नुसतं हात लावायचंच काम! अप्पा स्वतःसुद्धा त्या काचेला भीत भीत बोट लावायचे.

मांजराला अशी भीती नव्हती. हे करडं मांजर एकदा खिडकीतून आलं ते राहिलंच. प्रत्येक वस्तूवर पंजा ठेवून बघायचं आणि घ्यायचं काहीच नाही, म्हणून अप्पांनी त्याचं नाव 'गिऱ्हाईक' ठेवलं. मशीनच्या काचेवर पंजा पडला की टुंग वाजायचं, दिवे लागायचे. त्याला आणखी काय हवं?

एका दुपारी अप्पा बाजारात गेले असताना गिऱ्हाइकानं मशीन चालू केलं. मशीननं टाकीतलं पाणी ओढलं, घुसळलं आणि मोरीत सोडून दिलं. आमच्याकडं नळाच्या पाण्याची वाट माहेरी येणाऱ्या लेकीसारखी बघतात. अप्पा कपाळाला हात लावून बसले, तेवढ्यात फोन वाजला.

"अप्पा, भर दुपारी कपडे धुवायलाव व्हय? बरं हाय ना?"

मशीन चालू झालं की महेशच्या मोबाईलवर कळतं. ही सोय तोच दिवाळीला येऊन करून गेला होता. एरवी त्याचा फोन सणावारी, तोही घाईत. त्या दिवशी मात्र मांजराचा प्रताप ऐकून बापलेक इतके हसले की भिंतीपलीकडं मला ऐकू आलं.

पाण्यासाठी अप्पांनी मग काय काय केलं! काचेवर लिंबाच्या साली ठेवल्या, पुठ्ठा चिकटवला, शेवटी दुकानातली उरलेली परात आणली. गिऱ्हाईक वरवंट्याला टेकून बसायचं आणि परातीखाली पंजा सारायचं. मशीन अधूनमधून सुरू व्हायचंच आणि फोनही यायचाच.

मला राहवलं नाही. मी काच नीट निरखली आणि कुलपाच्या चित्रावर बोट दाबून धरलं. "लहान लेकरांनी खेळू नये म्हणून हे असतं, अप्पा. आता मांजर वर नाचलं तरी मशीन चालू होणार नाही."

अप्पांनी मला चहा पाजला. परात चिंचेनं लख्ख घासून माळ्यावर टाकली. मी खुशीत घरी आलो.

त्यानंतर कितीतरी दिवस भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं नाही. मी डोकावलो, तर अप्पा मशीनसमोर स्टूल टाकून बसले होते.

"मालक, तुमचं ते कुलूप काढता येतंय का?"

"काढता येतं. पण पाणी जाईल की!"

"मशीनचा नळ बंद केलाय मी. पाणी न्हाई मिळालं की ते महेशकडं तक्रार करतंय. मागं एकदा झालतं. लगेच फोन आलता त्याचा."

"मग तुम्हीच लावा की त्याला फोन."

"लावतो कवा कवा. 'काय काम हाय, अप्पा?' म्हनतंय. कामात असतंय लेकरू." अप्पांनी फडक्यानं मशीनची काच पुसली. "काम तर काईच नसतंय माझं."

मला फार वाईट वाटलं. मी कुलूप काढलं.

अप्पांनी खाटेवर झोपलेलं गिऱ्हाईक उचलून मशीनवर ठेवलं. त्यानं पंजा उचलला आणि सवयीनं आधी अप्पांकडं पाहिलं. आता ओरडा बसणार, हे त्याला माहीत होतं.

अप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "लाव बाळा. हात लाव."