पंधरापर्यंत मोजा

रविवारी सकाळी नऊ वाजता बाळासो इंगवले फ्रीजचं दार उघडून उभे होते. दह्याच्या भांड्यामागं एक पांढरं खोकं होतं आणि खोक्यात इंजेक्शनची दोन पेनं होती. त्यातलं एक बाहेर काढून बाळासोंनी उजेडात धरलं आणि नाक मुरडलं.

"ह्यात सुई कुठं हाय?"

"आतच असती म्हणं," त्यांची बायको संयोगिता म्हणाली. "मांडीवर दाबलं की भाईर येती. सिस्टर दाखवत होत्या तवा तुमी च्या प्यायला गेलता."

गेले होते, हे खरं. शाहूपुरीतल्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम चांगल्या बोलल्या होत्या, "काका, घरीच घ्यायचं हे, दर पंधरा दिवसांनी. सिस्टर एकदा दाखवतील, बघून जा." त्यावर बाळासो हसले होते. "मॅडम, तीस वर्षं इंजेक्शनंच टोचतोय. मला काय दाखवताय?" आणि रुबाबात बाहेर पडून त्यांनी कटिंग मागवला होता. माणसाला अक्कल यायची असली की आधी रुबाब येतो, तसं झालं ते.

आता तीस वर्षांचं म्हणाल तर त्यात खोटं नव्हतं. बाळासो दूध संघाचे पशुधन पर्यवेक्षक. पण कसबा बावड्यात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत आणि त्यांनीही ते कधी दुरुस्त करायची घाई केली नव्हती. त्यांची टोचायची पद्धत ठरलेली. म्हशीच्या पुठ्ठ्यावर मुठीनं तीन थापा मारायच्या, धप धप धप, आणि चौथ्या थापेला सुई आत. जनावराला वाटतं चौथीही थापच आहे. मालकानं काकुळतीनं विचारलं, "डॉक्टर, दुखंल का ओ तिला?" की बाळासो गरजायचे, "तुला टोचतोय का म्हशीला? धर घट्ट!"

अशा ह्या बहाद्दराची पाच-सहा महिन्यांपासून सकाळी उठला की बोटं मिटत नव्हती. सांधे सुजून लाल. शर्टाची बटणं संयोगिता लावायची, आणि त्या वेळी बाळासो छताकडं बघत उभे राहायचे, पहिलीतल्या पोरासारखे. गोळ्या झाल्या, लेप झाले, शेवटी हे पेन. संघाच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, दसऱ्यापर्यंत हात सुधारला तर ठीक, नाहीतर टेबलावर बसून दुधाचं फॅट लिहायचं. अडलेलं रेडकू पोटात हात घालून फिरवणारा माणूस, तो फॅट लिहिणार! नुसत्या विचारानं बाळासोंचं जेवण जायचं.

"आणि काका, मनावर ताण घेऊ नका," असंही मॅडम म्हणाल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना इंगवल्यांचं अंगण माहीत नव्हतं.

अंगण एक आणि घरं दोन. इकडं बाळासो, तिकडं धाकटा उदयसिंह, त्याचं शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप. उदयसिंहनं नवी गाडी घेतली, ती गोठ्याजवळ लावली, आणि म्हशीनं तिच्यावर शिंग घासलं. म्हशीला खाज सुटली होती, एवढंच कारण. पण "म्हैस बांधून ठेव", "गाडी बांधून ठेव", असं करत प्रकरण सहा महिन्यांच्या अबोल्यावर गेलं आणि आता मधे भिंत घालायची ठरली होती. आजच शमशुद्दीन मिस्त्री माप घ्यायला येणार होते.

त्यांची आई चिमणाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. तिनं सकाळीच आपलं बाजलं नेमकं अंगणाच्या मध्यावर आणून टाकलं होतं. "अर्धी ह्येच्याकडं, अर्धी त्येच्याकडं," ती म्हणाली. "डोकं कुणाकडं करू तेवढं सांगा, म्हंजे झोपायला बरं."

तर बाळासो पेन घेऊन आतल्या खोलीत गेले.

"अर्धा तास भाईर ठेवायचं हाय ते!" संयोगिता ओरडली. "गार टोचायचं न्हाय!"

"मी काय म्हशीला गरम करून देतो व्हय?"

पलंगावर घडी घातलेली वाकळ होती, तिच्यावर ते बसले, लुंगी वर केली, टोपण काढलं. आणि तीस वर्षांची सवय हातात होती ती बाहेर आली. मूठ मिटत नव्हती म्हणून मांडीवर तळव्यानं धप, धप, धप. चौथ्याला पेन खाडकन दाबलं. टक्क असा आवाज झाला. बाळासोंनी झाल्या कामाच्या समाधानानं हात लगेच उचलला, म्हैस लाथ मारायच्या आत उचलायचा असतो तसा.

पण ते पेन म्हशीचं नव्हतं. ते आपलं काम सावकाश करणारं पेन होतं. बाळासोंचा हात हवेत होता आणि औषधाची बारीक धार ऐटीत वाकळेत चालली होती. थांबवायची कशी हे ठाऊक नसल्यामुळं ते नुसते बघत बसले.

"झालं?" संयोगितानं दारातून विचारलं.

"झालं."

"मग असं तोंड का केलंय?"

बाळासोंनी ओल्या वाकळेकडं बोट केलं. तेही नीट सरळ होत नव्हतं. "ह्या वाकळंचे सांधे आता जलमभर दुखायचे न्हाईत."

संयोगितानं कपाळावर हात मारला आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला. मॅडमनी विचारलं, "आत किती गेलं?"

"आत काय न्हाय, मॅडम. सगळं वाकळंत."

पलीकडं थोडा वेळ शांतता होती. डॉक्टर लोक हसताना फोन लांब धरतात, हे बाळासोंना माहीत होतं. तेही शेतकऱ्यांच्या फोनला तेच करायचे. मग मॅडम म्हणाल्या, "आज दुसरं घ्या. अर्धा तास बाहेर ठेवा. दाबलं की हलायचं नाही, पंधरापर्यंत सावकाश मोजायचं. आणि काका, हे वाया घालवू नका. पुढचं खोकं मागवावं लागतं, पंधरा दिवस तरी जातील."

झालं, दुसरं पेन टेबलावर आलं आणि अर्धा तास सुरू झाला. मघाशी बाळासोंना भीती वाटली नव्हती, कारण वेळच मिळाला नव्हता. आता वेळच वेळ होता. तीस वर्षांत सुईच्या या बाजूला ते पहिल्यांदाच आले होते. सुई दिसत नाही, पण आहे. टोचल्यावर काढायची नाही, पंधरा मोजायचे! मेलेली म्हैससुद्धा पंधरापर्यंत गप पडायची नाही. त्यांच्या तळहाताला घाम आला. 'शाबास डॉक्टर,' ते स्वतःशी पुटपुटले, 'बावड्यातल्या समद्या म्हशींस्नी बोलीव बघायला.'

बसवेना म्हणून ते अंगणात आले. तिथं उदयसिंह हातात टेप घेऊन उभा. त्यानं भावाकडं न बघता मिस्त्रींना सांगितलं, "मिस्त्री, त्यांस्नी म्हणावं, येक टोक धरा."

शमशुद्दीन मिस्त्री दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाळासोंना म्हणाले, "डॉक्टर, धरा म्हणत्यात."

आता नाही कसं म्हणायचं? बोटं मिटत नाहीत हे उदयसिंहला ठाऊक नव्हतं, आणि त्याला कळू द्यायचं नाही हा बाळासोंचा हट्ट होता. त्यांनी टेपचं टोक दोन्ही तळव्यांत, नमस्कार करतात तसं दाबून धरलं. उदयसिंह मागं मागं जात, मिस्त्रींनी रेघ मारायला आणलेल्या चुन्याच्या फक्कीच्या बादलीपर्यंत पोचला. तळव्याला घाम होताच. टोक सुटलं. पोलादी टेप सळसळत अंगणभर गेली आणि अशी उसळली, की उदयसिंह दचकून मागं सरकला आणि बुडावर बसला, तो थेट बादलीत. पांढऱ्या फक्कीचा लोट उठला. लोट खाली बसला तेव्हा उदयसिंहचे फक्त डोळे ओळखू येत होते.

"मुद्दाम सोडलंस!" सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य. "दादा, मुद्दाम सोडलंस तू!"

"न्हाय रं."

"मग धरता येत न्हाय व्हय येवढं?"

"न्हाय येत!" बाळासो ओरडले. "बोटं मिटत न्हाईत माजी! बटणं बायको लावतीया, घास चमच्यानं खातोय! दसऱ्यानंतर फॅट लिवायला बसीवणार हाईत मला! झालं समाधान?"

उदयसिंह बादलीतच बसून होता. नेमकी त्याच वेळी संयोगिता पेन घेऊन बाहेर आली. "अर्धा तास झाला. चला."

आणि मग बाळासो इंगवले, वय चौपन्न, तीस वर्षांची नोकरी, गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पलीकडं जाऊन उभे राहिले.

"अहो, या की भाईर!"

"जरा थांब. तिचा चारा बघतोय."

चिमणाबाई बाजल्यावरून सगळं बघत होती. तिनं तोंडातला तंबाखू बाजूला थुंकला. "उदयसिंगा, ऊठ. धर त्याला."

आईनं सांगितलं म्हटल्यावर अबोला कसला नि काय. उदयसिंह उठला, गोठ्यात गेला आणि थोरल्याला मागून मिठी मारून अंगणात घेऊन आला. दोघेही फक्कीनं पांढरे. बाळासो बाजल्यावर बसले, तर बाजलं नेमकं भिंत यायची तिथं. उजवी मांडी उदयसिंहच्या हद्दीत गेली. मिस्त्रींनी ते बघितलं, पण शहाणा माणूस, बोलले नाहीत.

"वहिनी, मी धरतो. तुमी टोचा."

"धर घट्ट," बाळासो म्हणाले, आणि हे आपलंच वाक्य आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

चिमणाबाईनं हात पुढं केला आणि लेकाच्या मानेखाली खाजवायला सुरुवात केली. म्हशीला इंजेक्शन असलं की ती हेच करायची, आणि बाळासो दर वेळी तिच्यावर खेकसायचे, "आई, लाड करू नकोस जनावराचं!" आता ते गपगुमान मान वर करून बसले.

"हो... हो... काय न्हाय. गुणाचं हाय माझं," चिमणाबाई म्हणाली. टक्क आवाज झाला.

"आगाईगं!"

"हलू नका! भावोजी, मोजा!"

"येक, दोन, तीन... दादा, सांगायचं न्हाय व्हय मला?"

"तू बोलत हुतास का?"

"तू कुटं बोलत हुतास? चार..."

"पाच झालं!" संयोगिता किंचाळली.

"पाच, सा... म्हशीनं गाडी घासली ते घासली, वर तू म्हणालास रंग चांगला न्हवताच."

"न्हवताच चांगला! ती हळद खाल्ल्यागत..."

"हलू नका म्हणते ना मी! सात!"

"आट, नऊ," आता शमशुद्दीन मिस्त्रींनीच मोजायला घेतलं, कारण घरच्यांचं काही खरं नव्हतं. "धा, अकरा."

"आसं करायचं," खाजवता खाजवता चिमणाबाई म्हणाली. "दोघंबी जागचं हलायचं न्हाईत आता, तवा ऐका. भिंत बांधा. पर हा माणूस दर पंधरा दिसांनी गोठ्यात लपणार. त्येला धरायला उदयसिंग यायचा कुठनं? भिंतीवरनं?"

"बारा, तेरा, चौदा," मिस्त्री म्हणाले, "दार ठेवू की, मावशी. पंधरा!"

संयोगितानं पेन उचललं. मांडीवर रक्ताचा एक थेंब, बाकी काही नाही. बाळासोंनी डोळे उघडले. "झालं? येवढंच?" उदयसिंहनं हात सोडले नव्हते. मग दोघांच्याही ध्यानात आलं आणि तो घाईघाईनं अंगावरची फक्की झटकायला लागला.

त्यानंतर बावड्यातल्या आणि वडणग्याच्या गोठ्यांतून एक तक्रार यायला लागली. डॉक्टर औषधाची बाटली आधी हातात धरून बसतात, गारठा जाईपर्यंत. मग मालकाला म्हशीची मान खाजवायला लावतात. मग म्हशीला सांगतात, "जरा टोचंल बाई." एक शेतकरी वैतागून म्हणाला, "डॉक्टर, आवरा की. म्हैस झोपली."

भिंत झाली. भिंतीत दार झालं, चांगलं रुंद, चिमणाबाईचं बाजलं जाईल एवढं. दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात वडणग्यात एक रेडकू अडलं होतं, ते बाळासोंनी स्वतःच्या हातानं फिरवून बाहेर काढलं आणि घरी येऊन शर्टाची सगळी बटणं स्वतः काढली. पुन्हा लावली. पुन्हा काढली. संयोगिता स्वयंपाकघरातून बघत होती, तिनं डोळ्याला पदर लावला आणि कांद्यावर ढकललं.

पाचव्या इंजेक्शनच्या रविवारी उदयसिंह हात धुऊन दारातून आला. बाळासो विव्हळले, "धर रं बाबा, भ्या वाटतंय." त्यानं धरलं, चिमणाबाईनं मान खाजवली, पंधरा मोजले, चहा झाला, गाडीच्या रंगावरून दोन शब्द झाले आणि तो गेला.

तो गेल्यावर बाळासो हळूच म्हणाले, "मागल्या बारीला त्यो पुण्याला गेलता, तवा माजं मी घेतलं, ते त्येला सांगितलं न्हाईस न्हवं? कळलं तर यायचा बंद हुईल."

संयोगिता कपबशा उचलत होती. "पुण्यास्नं त्यांनी फोन केलता की. दादानं घेतलं का म्हणून. सांगितलं मी, एकट्यानंच घेतलं."

"आयला! मग आज कशाला आलता त्यो?"

"मला म्हणाले, वहिनी, मला म्हाईत हाय हे दादाला सांगू नका. बोलवायचा बंद करंल."

चिमणाबाई बाजल्यावर भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि तिची पाठ हसण्यानं हलत होती. मग बाळासोंनी पेन्सिल घेतली, बोटांत नीट धरली, आणि फ्रीजमधल्या खोक्यावर पुढची तारीख लिहिली. पंधरा दिवस मोजले तर ती सोमवारी येत होती. पण सोमवारी उदयसिंहला शिरोलीला जायचं असतं, म्हणून त्यांनी मॅडमना फोन लावला आणि रविवारी घेतलं तर चालेल का, असं विचारलं.