क्रेनच्या हुकावरचा झोपाळा

“पटणार नाही तुमाले,” कवडूने सुरुवात केली. “आजवर कोणालेच पटली नाही. ज्यायनं डोळ्यानं पाह्यली, त्यायलेई नाही पटली.”

भिलाईतल्या कॅम्प-१ वस्तीत आपल्या घराच्या ओट्यावर तो बसला होता, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. एरवी हा माणूस हातवारे केल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नसे, पण ही गोष्ट सांगताना मात्र त्याला भर एप्रिलातही हात काखेत दाबून ठेवावे लागत. समोर खाटेवर त्याचे सासरे, आनंदराव मिस्त्री, सुपारी कातरत बसले होते. त्यांचे कान पार गेलेले. शेजारी ढोल वाजवला तरी पापणी हलत नसे. आणि स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाल्यापासून त्यांनी तोंडाने बोलणंही सोडलं होतं. ओमप्रकाश हा नवा भाडेकरू. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो बिचारा सरसावून बसला.

गोष्ट शहात्तर सालची. कवडू तेव्हा एका ठेकेदाराच्या यार्डात सिग्नलमन होता. म्हणजे क्रेनखाली उभं राहायचं आणि बोटं हलवायची; त्या बोटांकडे बघून केबिनमधला फकिरा दहा-दहा टनांचे गर्डर हलवायचा. तर्जनी आभाळाकडे करून गोल फिरवली की माल वर. जमिनीकडे करून फिरवली की खाली. हात आडवा केला की त्या बाजूला. फकिरा बोटांचा इतका आज्ञाधारक, की एकदा कवडू उभ्या उभ्या कान कोरत होता, तेवढ्यात त्याने ठेकेदाराची जीप दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर नेऊन ठेवली. आत ठेकेदार होता.

यार्डात रिवेटच्या हातोड्यांचा असा कल्लोळ, की तोंडाचा उपयोग फक्त भाकर खायला. बाकी बोलणं सगळं हातांनी. क्रेनच्या खुणांना माणसांनी आपल्या खुणा जोडल्या होत्या. कपाळावर टोपीची झापड दाखवली की साहेब आला. छातीवर हात आपटून तळहातावर बोटाने फुली मारली की ‘हा माल आमच्या टोळीचा, आमच्याकडे पाठव’. कारण ज्या गर्डरवर ज्या टोळीची खडूची फुली, तो गर्डर त्या टोळीचा. या भाषेतले सगळ्यात मोठे विद्वान म्हणजे आनंदराव मिस्त्री. त्यांचे कान त्याच हातोड्यांनी खाल्ले होते. पण मिस्त्रीचा हात उठला की सिग्नलमनचा हात रद्द, असा यार्डाचा कायदा होता आणि फकिरा तो झोपेतसुद्धा पाळत असे.

मिस्त्रींना एक मुलगी होती, शेवंता. बापाशी लहानपणापासून हातांनी बोलत वाढलेली. कवडूला ती दोन वर्षांपासून आवडत होती आणि दोन वर्षांपासून तो मिस्त्रींना विचारायचं ठरवत होता. पण तोंडाने सांगावं तर मिस्त्रींना ऐकू येत नाही. चिठ्ठी लिहावी तर मिस्त्रींना वाचता येत नाही. आणि हातांनी सांगावं तर यार्डाच्या भाषेत लग्नाला खूणच नाही.

“फिर?” ओमप्रकाशने विचारलं.

“फिर काय? फिर नाटक आलं.”

दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आठवड्यात वस्तीत नाटक होई. त्या वर्षी देवराव मास्तरांनी स्वतः लिहिलेलं चार अंकी नाटक बसवायला घेतलं: ‘पाटलाचा झोपाळा’. एका मोलकरणीची पोर शिकते, मास्तरीण होते, आणि ज्या झोपाळ्याला तिच्या आईला शिवू दिलं नाही त्याच झोपाळ्यावर शेवटच्या प्रवेशात जाऊन बसते. पाटील झाला होता चंपत, वजन पंच्याण्णव किलो. मास्तरीण व्हायला मास्तरांना शेवंताशिवाय दुसरी कोणी दिसेना. ते मिस्त्रींच्या घरी गेले.

मिस्त्रींनी सगळं पाहून घेतलं आणि हातांनी बराच वेळ उत्तर दिलं. शेवंताने मान खाली घालून त्याचं मराठी केलं.

“बाबा म्हणते, हजार लोकायपुढं पोरगी काय बोलून राहिली, ते बापालेई समजलं पाह्यजे. समजलं तर ठीक. नाही समजलं, तर मधातूनच उठवून घरी नेईन.”

“अगं, पण तू स्टेजवर असशील,” मास्तर म्हणाले. “त्यांना सांगणार कोण?”

“तो यार्डातला सिग्नलमन आहे ना,” शेवंता म्हणाली. हे वाक्य मात्र तिने हातांनी केलं नाही.

कवडूला बोलावणं गेलं, तेव्हा तो इतका उडाला की चपला घालायच्या राहिल्या. त्याने मनाशी हिशेब मांडला. मिस्त्री खूश झाले, तर आपलं काम झालं. मिस्त्री उठून गेले, तर नाटकही गेलं आणि शेवंताही गेली.

तालमी सुरू झाल्या. मास्तर नाटकातला एकेक शब्द विचारत आणि कवडू हात दाखवी.

“अन्याय?”

“ओव्हरलोड.”

“विषमता?”

“साखळी एका बाजूनं ढिल्ली, मास्तर. हे पाहा.”

“क्रांती?”

“गिअर उलटा.”

“अन् करुणा?”

कवडूने डोकं खाजवलं. “त्याले ग्रीस लागन.”

मास्तरांनी पेन्सिल मोडली, पण इलाज नव्हता. तेवढ्यात झोपाळ्याचं संकट आलं. तो मांडवाच्या बांबूला टांगला होता. तालमीत चंपत त्यावर नुसता टेकला आणि मांडव, झालर, पेट्रोमॅक्स आणि पेटीवाला असे सगळे मिळून खाली आले. पंच्याण्णव किलोला आधार देईल अशी वस्तू अख्ख्या कॅम्पात एकच होती. फकिराने ठेकेदाराला सांगितलं, क्रेनले ग्रीस माराले नेतो, आणि नाटकाच्या दिवशी क्रेन स्टेजच्या मागे आणून उभी केली. झोपाळा हुकाला लावला. शेवटच्या प्रवेशापर्यंत तो झालरीच्या वर लटकत राहायचा. कवडूने खूण केली की फकिराने तो खाली सोडायचा. एवढं सोपं काम.

“तू फक्त माह्या हाताकडं पाह्य,” कवडूने बजावलं.

“आठ साल झाले, दुसरं काय पाह्यलं मी?” फकिरा म्हणाला.

सहाला पडदा उघडला. स्टेजच्या कोपऱ्यात पालथ्या ड्रमवर, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, कवडू उभा. पहिल्या रांगेत मधोमध आनंदराव मिस्त्री आणि दोन्ही बाजूंना यार्डातले कान गेलेले अकरा म्हातारे; वर्षानुवर्षं नाटकाला न फिरकलेले, पण हातांचं नाटक आहे म्हटल्यावर धुतलेली धोतरं नेसून आलेले.

पहिल्या अंकातच गडबड झाली. म्हातारे इतरांच्या आधी हसू लागले. कारण चंपत आपलं भाषण पल्लेदारपणे सुरू करी आणि ते संपायच्या आत कवडूने त्याचा अर्थ एका हातात सांगून टाकलेला असे. ज्यांना उत्तम ऐकू येत होतं ते लोकही हळूहळू स्टेजकडची नजर काढून ड्रमकडे बघायला लागले. दुसऱ्या अंकात पाटलाचं ‘आमच्या सात पिढ्यांची पुण्याई’ हे दोन पानी भाषण झालं. कवडूने कपाळावर टोपीची झापड दाखवली, मग गाल फुगवून सोडले. मैदान हसून लोळायला लागलं.

चंपत मिशी सावरायच्या निमित्ताने ड्रमजवळ आला आणि दातांमधून म्हणाला, “कवड्या, दोन पानं पाठ केले बे मी!”

“मतलब तर तेवढाच होता ना गा,” कवडू म्हणाला.

तिसऱ्या अंकात मोलकरीण मरते. कवडूने हुकावरून साखळी सुटल्याची खूण केली आणि हात हळूच खाली आणला. अकराच्या अकरा म्हाताऱ्यांनी धोतराचे सोगे डोळ्यांना लावले. मिस्त्री ताठ बसून होते, उठायचं नाव नव्हतं. जमलं! कवडूची छाती सदऱ्यात मावेना.

मग शेवटचा प्रवेश आला. कवडूने खूण केली, झोपाळा झालरीतून डौलात खाली आला. शेवंता पांढऱ्या साडीत पुढे झाली, फळीवर बसली. चंपत तिच्या पायाशी येऊन, पश्चात्तापाचं भाषण करायला फळीची कड धरून बसला. शेवंताने आवाज चढवला:

“माझ्या आईला या झोपाळ्याची सावलीही चालत नव्हती. आज मी त्यावर बसले आहे. आता इथली प्रत्येक मुलगी वर जाईल! आणखी वर! आणखी वर!”

कवडूने मिस्त्रींकडे बघून, जीव ओतून, तर्जनी आभाळाकडे केली आणि गोल फिरवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा जास्तच.

क्रेन घरघरली.

झोपाळा उठला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी काय डोकं चालवलंय, असं लोक म्हणू लागले. चंपतने फळी सोडायला हवी होती, पण भाषण फळी धरून पाठ केलं होतं. फळी सोडली तर पुढचं आठवेना. आठवेपर्यंत त्याचे पाय जमिनीपासून हातभर वर गेले आणि मग सोडायची सोय राहिली नाही.

“खाली! अबे, खाली घे!” विंगेतून मास्तर वही नाचवत ओरडले. “पुस्तकात हे नाही!”

कवडूने घाईने बोट जमिनीकडे केलं आणि गरगर फिरवलं. खाली, खाली! फकिराने ब्रेक लावला. पण ती खूण मिस्त्रींनीही वाचली. आत्ता तर हा पोरगा सांगत होता की आमच्या पोरी वर जाणार, आणि लगेच म्हणतो खाली? एवढ्यात? कोणी सांगितलं? मिस्त्री ताडकन उभे राहिले. डोळे लाल. त्यांनी आपला जाडजूड हात आभाळाकडे उचलला आणि बोट फिरवलं: वर! त्यांच्यामागोमाग अकरा म्हातारे उठले आणि अकरा बोटं फिरली: वर!

मिस्त्रीचा हात उठला की सिग्नलमनचा हात रद्द.

झोपाळा झालरीच्या वर गेला, मांडवाच्या वर गेला, शेजारच्या कडुनिंबाच्या शेंड्याला लागून कावळे उडवत पुढे गेला. आता वरून फक्त चंपतचं भाषण ऐकू येत होतं. “चुकलो! मी चुकलो माय! सात पिढ्या चुकलो! मले खाली घ्या!” बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. असा पश्चात्ताप कोणत्याच नटाने केला नव्हता. शेवंताचा एक हात दोरीला होता आणि दुसरा हवेत फिरत होता. घाबरली असेल बिचारी, असं कवडूला वाटलं आणि त्याने ड्रमवरून उडी मारली.

इथे ओट्यावर बसलेला कवडूही उठून उभा राहिला. सतरा वर्षं सांगूनही या जागी त्याचं रक्त उसळत असे.

“मिस्त्रीसमोर जाऊन उभा राह्यलो. म्हटलं, मिस्त्री, पोरगी खरोखरची वर गेली! नाटकातली नाही!” डावा हात काखेतून निसटला. “मिस्त्री विचारते, मंग उतरवन कोण?” उजवाही निसटला. “म्हटलं, मी उतरवतो! पण एक डाव उतरवली का मंग...” त्याने छातीवर धपकन हात आपटला आणि तळहातावर फुली मारली. “हा माल आमच्या टोळीचा! आमच्याकडे पाठवा! मिस्त्रीनं मान हालवली. तिकडं फकिरानं ते पाह्यलं अन् क्रेनचा लांब दांडा, बूम, फिरवली ना! हजार माणसायच्या डोक्यावरून झोपाळा निंगाला. चंपत मधातच मुरमुऱ्याच्या दुकानात सुटला, तीन पोते वाचवून गेले त्याले. अन् शेवंता थेट येच ओट्यावर! तुमी बसले ना ओमप्रकाशजी, त्याच जागेवर!”

ओमप्रकाश नकळत थोडा बाजूला सरकला.

“महिनाभरात लग्न! भिलाईत सांगा मले दुसरा माणूस, ज्यानं एका खुणेवर बायको...”

“खोटं!”

आवाज गंजलेल्या फाटकासारखा होता. ओमप्रकाशने रस्त्याकडे पाहिलं, मग घरात पाहिलं. कवडूने मात्र कुठेच पाहिलं नाही. त्याचं बोट अजून तळहातावरच्या फुलीत अडकलं होतं, आणि समोर खाटेवर आनंदराव मिस्त्रींनी अडकित्ता खाली ठेवला होता. त्यांची नजर जावयाच्या हातांवर होती. दारात शेवंता चहाचे कप घेऊन उभी होती. तिने कप शांतपणे कठड्यावर ठेवले.

“खोटं,” मिस्त्री पुन्हा म्हणाले. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच ते तोंडाने बोलत होते. “फकिरा तुह्याकडं पाह्यतच नोहता. माह्याकडंई नोहता पाह्यत. वरून शेवंता हातानं खुणा देऊन राहिली होती. वर नेलं तिनं, ओट्यावर उतरवलं तिनं, अन् झोपाळ्यावर बसून छाती ठोकून फुली मारली, तेई तिनंच, तुह्याकडं बोट करून. मी मान हालवली ते तिले पाहून.” त्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला. “माल तू होता, जावाई.”