शिवप्पा डाळवाले यांची नायगावची मोहीम व निपचित पडलेला विजेचा रथ

श्रीसिद्धेश्वर समर्थ. लातूर शहरी, गंजगोलाईचे पूर्वेस, तूरडाळीचे मातब्बर व्यापारी राजमान्य राजश्री शिवप्पा यांचे दारी विजेचा रथ ऐन मुहूर्तावर कैसा निपचित पडला, आणि लेकीचे माहेरपण कैसे पणास लागले, त्याचे वर्तमान साद्यंत दिले पाहिजे. कारण की, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते एकेक वेगळेच सांगत सुटले आहेत, आणि खासे शिवप्पा तर त्याहून वेगळे. सबब घडले तैसे लिहिले असे, कोणाची भीडमुर्वत ठेविली नाही.

शिवप्पांची कन्या वर्षाराणी, नायगावी दिलेली, पहिलटकरीण, आठवा सरत आलेला. सासरच्यांनी ठरविले की, सोमवारी दुपारी दोनाचे आत तिने माहेरी निघण्यास उंबरा ओलांडावा. दोनानंतर अमावस्या, अमावस्येनंतर नववा, मग बाळंतपण नायगावीच. सासर वाईट नव्हते, परंतु सोळा माणसांचा स्वयंपाक, आणि पोर रोज फोनवर आईस एकच म्हणे, "आई, मला घेऊन जा गं. इथं पाठ टेकायला मिळंना." डॉक्टरीणबाईंनी बजाविले होते की, प्रवासात हिसका बसता कामा नये. मग शिवप्पांनी बिनधक्क्याचा, बिनधुराचा विजेचा रथ खरेदी केला, आणि मेहुणे गुरुलिंग औसेकर, जे बावीस वर्षे डिझेलची जीप हाकतात, त्यांचेसमक्ष छाती फुगवून शपथ वाहिली की, "आजपासून डिझेलच्या सावलीला सुदीक उभा राहणार न्हाई." गुरुलिंग मिशीत हसून "बघू की" इतकेच बोलिले, आणि ते "बघू की" शिवप्पांस उठता बसता सलू लागले.

रथाची पूजा होऊन अकरा दिवस लोटले, परंतु लेक आणण्याआधी चाक हलवावयाचे नाही ऐसे साखराबाईंचे फर्मान, सबब रथ आच्छादनाखाली बंदिस्त. साखराबाई म्हणजे शिवप्पांचे कुटुंब. घरात हुकूम त्यांचा आणि मान डोलावणे शिवप्पांचे. सोमवारी सकाळी सातास ओटीचे सामान घेऊन स्वारी बाहेर पडली, आणि शिवप्पांनी ऐटीत किल्लीची कळ दाबिली. रथ हूं की चूं करीना. मग किल्लीच्या पोटातील लोखंडी पाते काढून दार उघडिले, तो आतला पडदा काळाठिक्कर. आणि चार्जर लाविला तर रथ विजेचा घोटही घेईना.  लेक पिशवी भरून दारात बसली असेल, हेच एक शिवप्पांच्या डोळ्यांसमोर येई.

मग गल्लीतील सर्व मुत्सद्दी गोळा जाहले. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे मोठी बॅटरी बसली, आता घर विका. आणि आठ जवानांनी "हर हर महादेव" करून रथास रेटा दिला, परंतु चाके कुलूपबंद, रथ तसूभर हलला नाही, एका जवानाची कंबर मात्र धरली. मग कंपनीच्या मदतकक्षास फोन लाविला. पंचवीस मिनिटे सनई ऐकविल्यावर तेथील मधुरवाणी बाईंनी आज्ञा केली की, पडद्यावरील 'मदत' हे बटण दाबावे. शिवप्पांनी अर्ज गुजराणिला की, बाई, पडदाच मेला आहे. त्यावर आज्ञा जाहली की, मग पडद्याचा फोटो पाठवावा. फोटो पाठविला, काळा तो काळाच. उत्तर आले, तक्रार नोंदविली, तीन दिवसांत माणूस येईल. भाड्याच्या गाड्या पाहाव्या तर झाडून साऱ्या निवडणुकीच्या सभेस जुंपलेल्या. इतक्यात वर्दी ऐकून गुरुलिंग जीप घेऊन दाखल जाहले, आणि रथाशेजारी ती उभी करून मिशीस पीळ देत बसले. तो पीळ शिवप्पांस "बघू की" याहून अधिक सलला.

ते समयी साखराबाईंनी परस्पर खलिता धाडून धम्मप्रियास पाचारिले. ही वीजतंत्री कन्या शेजारच्या आळीत दुकान मांडून असे, आणि साखराबाईंची घरघंटी दोनदा तिनेच जिवंत केलेली. शिवप्पा नाक मुरडून म्हणाले, "घरघंटी निराळी, गाडी निराळी." धम्मप्रियाने तिकडे लक्षच दिले नाही. तिने पुढले झाकण उघडून, मापकयंत्राच्या दोन सुया एका लहानशा डब्यास लाविल्या आणि म्हणाली, "काका, मोठी बॅटरी ठणठणीत असंल. ही बारकी मेली. मोठीचं दार हीच उघडती. दरवान झोपला तर आतला राजा काय करील?"

शिवप्पांनी विचारिले, नवी बॅटरी मेली कशाने? धम्मप्रियाने आत वाकून तारेचा माग काढिला, तो थेट चालकासमोरच्या फळीवरील महादेवापाशी पोहोचला. तेथे लखलखता दिवा आणि अष्टौप्रहर 'ॐ नमः शिवाय' म्हणणारे यंत्र बसविलेले. आणि गाडी बंद पडली तरी देवाचा दिवा विझता नये, ऐसी खास ताकीद देऊन शिवप्पांनी ती तार थेट बारक्या बॅटरीस जोडविली होती. अकरा दिवस आच्छादनाखाली नामस्मरण अखंड चालले, आणि बॅटरी कैलासवासी जाहली. साखराबाईंनी यजमानांकडे ऐसे पाहिले की, शिवप्पांस फेट्याचे ओझे वाटू लागले.

"काकू, देव तुम्ही उचला, तार मी काढते," ऐसे धम्मप्रिया म्हणाली. साखराबाईंनी देव उचलून पदरात घेतला आणि म्हणाल्या, "काढ बाई. देवाला काय, माझ्या मांडीवर बी बसता येतंय."

परंतु दरवानास उठवावयास दुसऱ्या गाडीची वीज हवी, आणि हाकेच्या अंतरावर गाडी एकच, गुरुलिंगांची जीप. धम्मप्रिया दोन तारा हाती घेऊन उभी, गल्ली श्वास रोधून उभी, घड्याळात साडेनऊ. शिवप्पांनी शपथ आठविली आणि मग लेकीची पिशवी आठविली, आणि मेहुण्यास म्हणाले, "गुरुलिंगराव, द्या की जरा." गुरुलिंगांनी जीप चालू केली. डिझेलचा धूर निघाला, तारा जोडल्या, आणि क्षणार्धात पडदा उजळून मोठी बॅटरी शंभरांत ब्याण्णव ऐसी प्रकट जाहली. गल्लीत एकच गलका उठला.

पुढे जळकोट, मुखेड मागे टाकीत स्वारी एक वाजून चाळीस मिनिटांनी नायगावी पोहोचली. शिवप्पा रथ बंद करण्यास राजी होईनात, सबब व्याह्यांनी चहा खिडकीतून दिला. वर्षाराणीने दोनाच्या आत उंबरा ओलांडिला, आणि परतीचे वाटेवर आईच्या खांद्यावर मान टाकून ऐसी झोपली की, लातूर येईतो जागी जाहली नाही. सायंकाळी कंपनीचा निरोप आला की, आपली तक्रार आम्ही यशस्वीपणे सोडविली आहे, तरी पाच तारे द्यावेत.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, लेक माहेरी सुखरूप. शिवप्पा हल्ली बाजारात ज्यास त्यास बारकी बॅटरी व मोठी बॅटरी यांचा भेद समजावितात, आणि तो आपणच हुडकिला ऐसे भासवितात. वास्तविक त्या दिवशी त्यांनी पराक्रम केला तो एकच, मेहुण्यापाशी "द्या की जरा" म्हणाले तो; आणि तेवढाच ते कोणास सांगत नाहीत.