आता जागा बदला!

कुणाचं लग्न अडलं असेल तर माझ्याकडे पाठवा, असं मी त्या काळी छाती ठोकून सांगायची. एक लग्न जमवलंही. कसं, ते मात्र विचारू नका! बरं, विचारलंतच तर सांगते.

तेव्हा आमच्या ह्यांची टेकडीवर ‘विज्ञानाची अद्भुत खोली’ होती. शाळेत विज्ञानात दोनदा नापास झालेला हा माणूस काळा कोट चढवून पर्यटकांसमोर उभा राहिला, की पृथ्वीचा सासरा वाटायचा! “मंडळी, इथे गुरुत्वाकर्षण तिरकं लागतं! डाव्या कोपऱ्यात माणूस आखडतो, उजव्या कोपऱ्यात वाढतो!”

गुरुत्वाकर्षण कसलं, कपाळ! सुताराने खोलीच वाकडी बांधली होती. उजवा कोपरा जवळ, तिथली जमीन वर, छत खाली. डावा कोपरा लांब आणि खोल. पण समोरच्या झरोक्याला डोळा लावला, की खोली अगदी चौकोनी दिसायची आणि आतली माणसंच लहानमोठी वाटायची.

माझे धाकटे दीर घड्याळजी. स्वभावाने सोनं, पण उंची देताना देवाने हात आखडता घेतलेला. दवाखान्यातल्या नर्सवर त्यांचा जीव जडला, तिचाही त्यांच्यावर. अडचण एकच. नर्स त्यांच्याहून चार बोटं उंच आणि तिच्या आईची अट, ‘जावई मुलीहून उंच हवा!’ आईंनी भावजींना अजून पाहिलं नव्हतं, एवढीच काय ती जमेची बाजू.

“भावजी, तोंड पाडून काय बसलात? तिच्या आईंना खोली बघायला बोलवा! तुम्ही आधीच आत उजवीकडे उभे राहा, ती डावीकडे. आई झरोक्यातून बघतील, हो म्हणतील, काम फत्ते!”

“आणि वहिनी, बाहेर आल्यावर?”

“तुम्ही पायरीवर उभे राहा.”

“जन्मभर?”

“लग्न लागेपर्यंत! नंतर कोण मोजतंय?”

आई आल्या. काखेत छत्री, नाकावर चष्मा, चेहरा असा की कुणाला तरी नापास करूनच घरी जाणार! मी त्यांना थेट झरोक्यापाशी नेलं.

“अगंबाई! मुलगा म्हणजे खांबच की! आमची तर त्याच्या खांद्यालाही लागत नाही!”

“आमच्याकडे सगळे उंचच!” मी ठोकून दिलं.

“मग काय, मला पसं...”

एवढ्यात काळा कोट घालून हे उगवले! वर्षानुवर्षं एकच खेळ करून जीभ अशी सवयीची झालेली, की समोर कोण आहे हे बघायचंसुद्धा नाही.

“तर मंडळी, आता जागा बदला!”

मी ह्यांच्या दंडाला कडकडून चिमटा काढला. ह्यांना वाटलं, मी हुरूप देतेय. दुप्पट जोरात ओरडले, “बदला, बदला!”

थोरल्या भावाचा शब्द भावजींनी जन्मात मोडला नव्हता. निघाले तुरुतुरु डावीकडे! नर्स बिचारी गोंधळून उजवीकडे सरकली. बघता बघता भावजी स्टुलाएवढे झाले आणि नर्स छताखाली मान वाकवून जिराफासारखी उभी!

आईंची छत्री खाली पडली.

“हा... हा तर फुलदाणीएवढा झाला!”

“ते गुरुत्वाकर्षण...” मी चाचरले.

“गुरुत्वाकर्षण गेलं खड्ड्यात! दोघांना बाहेर आणा. सपाट जमिनीवर!”

झालं! भावजी खाली मान घालून बाहेर आले. पायरीकडे बघितलंसुद्धा नाही. नर्स त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, हे एवढेच आहेत. आणि मला एवढेच हवेत.”

आईंनी चष्मा वर सारला. पुढे जाऊन दोघांच्या डोक्यांमध्ये बोटं धरून पाहिली.

“चारच बोटं? इतकंच? अगं, मला वाटलं, नवऱ्याला कडेवर घेऊन फिरावं लागतंय तुला! चालेल, चालेल! एवढ्याने काय होतंय?”

ह्यांनी लगेच कोटाची कॉलर ताठ केली. “बघितलंस? म्हणूनच तर जागा बदलायला लावली!” पुढे आयुष्यभर सगळ्यांना तेच सांगत राहिले.

आईंची नजर मात्र आता आमच्याकडे वळली होती. सपाट जमिनीवर आम्ही दोघं शेजारी शेजारी, आणि ह्यांचं डोकं माझ्या खांद्याशी!

“सगळे उंचच म्हणालात ना? मग तुम्ही ह्यांना पसंत कसं केलंत हो?”

काय सांगणार, कपाळ! ह्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच झरोक्यातून. उजव्या कोपऱ्यात ऐटीत उभे होते. आणि त्या दिवशी ‘जागा बदला’ म्हणायला कुणी नव्हतं!