पट्ट्यावरचं खाजं

पट्ट्यावरून सॅल्मन गेला, त्याच्यामागून काकडीचे रोल गेले, त्यांच्यामागून कसलीशी जांभळी जेली थरथरत गेली, आणि तिच्यामागून खाजं गेलं.

ऋतिकाने डोळे मिटून पुन्हा उघडले. खाजंच होतं. गुळाच्या जाड सालीतल्या बोटभर बेसनाच्या तीन कांड्या, आल्याच्या वासासकट, हिरव्या जपानी बशीत झोपडीसारख्या रचलेल्या. कोकणातल्या जत्रेत कागदाच्या पुडीत मिळणारं खाजं अंधेरीच्या 'हारुमोची' ह्या सुशीच्या हॉटेलात, फिरत्या पट्ट्यावर बसून, नवरदेवासारखं किचनकडे निघालं होतं.

"आई," ऋतिका ओठ न हलवता म्हणाली, "आत्याची पिशवी कुठाय?"

"त्यांच्या मांडीवर. का गं?"

"उघडी आहे की बंद?"

आईने वाकून बघितलं आणि परत सरळ बसायला तिला जरा वेळच लागला. "उघडी," ती म्हणाली.

आता हा धक्का केवढा होता ते कळायला एक गोष्ट माहीत हवी. पट्ट्याच्या मधोमध, काचेआड, काळा एप्रन घालून भात वळणारा तो उंच मुलगा म्हणजे ऋतिकाचा दादा, सर्वेश. तीन महिन्यांची त्याची उमेदवारी आज संपत होती. जागा एक आणि उमेदवार दोन. रात्री दुकान बंद व्हायच्या आत प्रियंका शेफ सांगणार होती, कोण राहणार आणि कोण जाणार. आणि हॉटेलचा कडक नियम होता की उमेदवारांच्या घरच्यांनी इथे पाऊल टाकायचं नाही. मागे एकाचे मित्र आले होते, तर त्याने त्यांच्या रोलमध्ये मासा एवढा भरला की रोल मिटेना. तो दुसऱ्या दिवशी घरी.

पण सुगंधा आत्या कालच गावाहून आली होती, आणि भाचा काय काम करतो ते बघितल्याशिवाय ती घाटकोपर सोडणार नव्हती. शेवटी सर्वेशने हात जोडले. "या. पण गिऱ्हाईक म्हणून या. मला ओळखायचं नाही, हात करायचा नाही, 'बाळा जेवलास काय' विचारायचं नाही. ऋतू, जबाबदारी तुझी."

ऋतिकाने ती आनंदाने घेतली होती. दहावीत गेल्यापासून, आणि विशेषतः आंतरशालेय वक्तृत्वात ढाल मिळाल्यापासून, जगातली कुठलीही गोष्ट आपण निभावून नेऊ असं तिला वाटायचं. मेट्रोत तिने दोघींना सगळं शिकवलं होतं. गरम टॉवेल आला तर हात पुसायचे. काड्यांनी जमलं नाही तर काटा मागायचा. हिरवी चटणी दिसली तरी तिला चटणी समजायचं नाही. पट्ट्यावरून आवडेल ती बशी उचलायची. एवढं सगळं सांगितलं आणि खाऊन झाल्यावर रिकामी बशी आपल्याच टेबलावर ठेवायची, हे एक सांगायचं राहिलं.

"आत्या," ऋतिका हळूच म्हणाली, "त्या बशीत खाजं कोणी ठेवलं?"

"मी," आत्या म्हणाली. तिने गरम टॉवेलने तोंड, मान, कोपरं सगळं पुसून घेतलं होतं आणि ती एकदम ताजी दिसत होती. "काय झाला?"

"का ठेवलंस?"

"का म्हंजे? तेनी आपणहून बशी भरून धाडली. ती रिकामी परत देवची? तुमका शाळेत ह्या शिकवनत नाय?"

 घरीही असंच होतं. शेजारच्या काकूंचा डबा परत करताना आई त्यात काहीतरी घालायचीच, अगदी काही नसलं तरी चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत देणं म्हणजे घराची अब्रू घालवणं.

"वन्सं, पण हे हॉटेल आहे," आई कळवळून म्हणाली. "इथे आपण पैसे देतो."

"पैसे बशीचे, नलिनी. रीत ती रीत." आत्याने पट्ट्यावर नजर टाकली. "आणि सोमवार म्हणान मी नुसती काकडी खातंय हां. बाकीचे बघ, कच्चे मासे खातत. गॅस संपलो काय ह्येंचो?"

"किती बशांत ठेवलंस?" ऋतिकाने विचारलं.

"जितके खाल्लंय तितक्यात. चार."

चार. ऋतिका उठून उभी राहिली. पहिली बशी काचेला वळसा घालून आत शिरत होती, आणि आत सर्वेश होता. त्याने ती पाहिली. लहानपणापासून ओळखीचं माणूस अचानक परदेशात भेटावं तसा त्याचा चेहरा झाला. मग त्याने मान वर केली, सरळ आपल्या घरच्यांकडे बघितलं, आणि ऋतिकाने दोन्ही हातांनी 'मी नाही' अशी खूण केली.

प्रियंका शेफ त्याच्याकडे पाठ करून उभी होती. ती वळायच्या आत खाजं नाहीसं व्हायला हवं होतं. सर्वेशने इकडेतिकडे बघितलं. कचऱ्याचा डबा तिच्या पायाशी होता. एप्रनला खिसा नव्हता. उरलं तोंड. त्याने तिन्ही कांड्या एकदम तोंडात कोंबल्या.

खाजं ज्यांनी खाल्लंय त्यांना माहीत आहे की ते घाईत खायची वस्तू नाही. वरचा गूळ दातांशी वाटाघाटी केल्याशिवाय फुटत नाही. सर्वेशचे गाल दोन्हीकडून फुगले आणि तेवढ्यात शेफ वळली.

"सर्वेश, भात संपत आला का?"

सर्वेशने मान हलवली.

"संपला की नाही? बोल ना."

सर्वेशने पुन्हा मान हलवली, जरा वेगळ्या दिशेने. शेफने त्याच्याकडे निरखून बघितलं. "दाढ दुखतेय?"

यावेळी त्याने मनापासून मान डोलावली.

इकडे ऋतिका दुसऱ्या बशीच्या मागे लागली होती. पण पट्टा दिसतो सावकाश आणि असतो चलाख. ती पोचेपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या गुजराती बेननी ती बशी उचललीसुद्धा. मोत्याचे टॉप, शेजारी शांत बसलेले नवरोबा. बेननी कांडी वास घेऊन तोंडात घातली. कडाड.

"अरे वा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "इसमें तो गुड है. पहली बार जापान का कुछ मुँह में टिका."

ऋतिका तोंड उघडून काहीतरी बोलणार होती, पण आत्याने आधीच शेजारधर्म सुरू केला. "आवडला? आमच्या जत्रेतला हा. मीच ठेवलंय. खाली बर्तन वापस नहीं देने का ना."

 आता बेन ओरडतील, मॅनेजरला बोलावतील, असं ऋतिकाला वाटलं. त्यांनी आपली पर्स उघडली.

"बिलकुल सही बात," त्या म्हणाल्या. "हमारे में भी नहीं देते." आणि फॉइलमधून दोन थेपले काढून, त्यांची सुरेख गुंडाळी करून, वर कैरीच्या छुंद्याचा ठिपका देऊन त्यांनी ती बशी पट्ट्यावर सोडून दिली.

"काकू, नको," ऋतिका म्हणाली.

"तीखा नहीं है, बेटा," बेन म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं ते ऋतिकाच्या हातातून कधीच निसटलेलं होतं. कोपऱ्यातल्या चार कॉलेजच्या पोरांनी थेपल्याची बशी उचलली, तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, आणि एक जण खात खात म्हणाला, "भाई, हे फ्यूजन आहे. ह्याला म्हणतात फ्यूजन." तिसऱ्या बशीतल्या दोन कांड्याही त्याच पोरांनी उचलल्या, आणि उरलेल्या कांडीसकट ती एका आजोबांकडे गेली. त्यांनी खाजं चघळत खिशातली खारी बिस्किटं रिकाम्या बशीत ठेवली, कारण बाकीचे ठेवतायत म्हणजे इथली पद्धत असणार. कुणी चिक्की ठेवली. कुणी घरून आणलेल्या द्राक्षांचा घोस. मुंबईचं माणूस बाहेर जेवायला निघालं तरी पिशवीत काहीतरी खायचं असतंच, हे ऋतिकाला माहीत होतं. पण सगळ्यांनी ते एकाच दिवशी सिद्ध करायची काय गरज होती? सॅल्मन बिचारा एकटाच गोल गोल फिरत होता. त्याला कुणी विचारेना.

आणि मग कॉलेजच्या पोरांनी वेटरला हाक मारली. "बॉस, ते ब्राऊन क्रंची स्टिक्स आणि तो यलो रोल, दोन-दोन रिपीट कर ना. मेनूत सापडत नाहीये."

वेटर शेफकडे गेला. शेफने मेनू बघितला. मग पट्टा बघितला.

पट्टा थांबला. इतका वेळ तो बारीक घरघरत होता हे तो थांबल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. प्रियंका शेफ काचेबाहेर आली. बुटकी, केस घट्ट बांधलेले, आवाज अजिबात न चढवणारी. अशा बायकांची ऋतिकाला मुख्याध्यापिकाबाईंमुळे चांगली ओळख होती. शेफने पोरांच्या बशीत उरलेला थेपला उचलून खाली ठेवला. खारी बिस्किटाकडे नुसतं बघितलं. शेवटी चौथी बशी उचलली, खाज्याची.

"याची सुरुवात कुठून झाली?"

 बेन पर्समध्ये डोकं घालून बसल्या. काचेआड सर्वेशचा घास एकदाचा उतरला होता आणि त्याच्याबरोबर रंगही. आत्या कौतुकाने म्हणाली, "किती शिस्तीची पोर," आणि बोलायला उठू लागली.

आत्याने उठायच्या आत ऋतिका उठली.

"मॅडम, आम्ही," ती म्हणाली. "ही माझी आई, ही आत्या, आणि तो माझा दादा. त्याने आम्हाला येऊ नका सांगितलं होतं. आम्हीच आलो. त्याची चूक नाही."

"सर्वेश?" शेफ वळली. "तुला नियम माहीत होता."

"हो शेफ."

"आणि मघाशी दाढ दुखत नव्हती."

"नाही शेफ. आता दुखतेय."

शेफने डोळे मिटून घेतले. ऋतिकाला दादाचा एप्रन खुंटीवर लटकलेला दिसायला लागला. आता गप्प राहिलो तर संपलंच. म्हणून ती बोलत सुटली, ढाल मिळवली होती त्याच आवाजात.

"मॅडम, बाहेर पाटीवर 'एशियन' लिहिलंय. मालवण काय युरोपात आहे? आणि हे बाहेरचं नाहीये. खाजं आमच्या घराण्यातलं आहे, सात पिढ्यांचं. आत्या स्वतःच्या हाताने करते. दादाला तिनेच शिकवलं. तो तुम्हाला आज दाखवणारच होता, फक्त लाजत होता. बघा ना, सगळ्यांनी खाल्लं."

काचेआड सर्वेश दोन्ही हात हलवत होता. ऋतिकाला वाटलं, तो तिला उत्तेजन देतोय.

शेफने कांडी तोंडात घातली. कडाड. अख्खं हॉटेल तिच्या जबड्याकडे बघत राहिलं. ती पुष्कळ वेळ चावत होती, खाज्यात दुसरा इलाजच नसतो.

"आलं," ती अखेर म्हणाली. "आम्ही प्रत्येक बशीबरोबर आलं देतो. सगळे बाजूला काढून ठेवतात. आणि हे मागून खातायत." तिने पोरांच्या टेबलाकडे बघितलं, थांबलेल्या सॅल्मनकडे बघितलं. "पट्ट्यावरचं सगळं फेकावं लागणार मला आज. सगळं. त्याचा राग मला आठवडाभर राहणार आहे, हे आधी सांगते."

"हो मॅडम," ऋतिका म्हणाली.

"सर्वेश, उद्या सकाळी माझ्यासमोर हे करून दाखव. इथे, ह्या किचनमध्ये, पहिल्यापासून. असंच जमलं तर जागा तुझी आणि हे मेनूत. नाही जमलं तर एप्रन ठेवून जा. आत्यांनाही आण, मला त्यांचा हात बघायचाय."

बेननी टाळ्या वाजवल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ऋतिकाला वाटलं आपण उडणार.

बिल देऊन तिघी बाहेर आल्या आणि थोड्या वेळाने सर्वेश मागच्या दाराने आला.  ऋतिका त्याच्याभोवती नाचत होती. "दादा, थँक्यू नको म्हणूस. पण म्हटलंस तरी चालेल."

"ऋतू," सर्वेश म्हणाला, "मी हात हलवत होतो तो तू गप्प बसावंस म्हणून."

"का?"

सर्वेशने आत्याकडे बोट दाखवलं. "विचार तिला. खाजं कसं करतात?"

आत्या पिशवीचं तोंड बांधत होती. तिने चकित होऊन वर बघितलं. "माका काय ठावक? खाजा कोण घरात करता गो? जत्रेत इकत घेतत."

ऋतिकाचं नाचणं थांबलं. "पण... सात पिढ्या..."

"सात पिढ्यांनी खाल्ला," आत्या म्हणाली. "केल्ला कोणी नाय."

आई तिथेच फुटपाथच्या कठड्यावर बसली. रिक्षा येत होत्या, जात होत्या, कुणी हात करेना. ऋतिकाला आयुष्यात पहिल्यांदा बोलायला एक शब्द सुचत नव्हता, आणि तिच्या लक्षात आलं की ही शांतता मघाशी, आत, फार उपयोगी पडली असती.

"पुढची जत्रा कधी?" आईने क्षीण आवाजात विचारलं.

"आता दिवाळीनंतर," आत्या म्हणाली.

सर्वेश हसायला लागला. आधी बारीक, मग पोट धरून. मग डोळे पुसून तो समोरच्या किराणा दुकानात शिरला, आणि बाकीच्या तिघी त्याच्या मागोमाग.

"गूळ द्या," तो म्हणाला.

"साधा की चिक्कीचा?" दुकानदाराने विचारलं.

सर्वेशने ऋतिकाकडे बघितलं. ऋतिकाने आईकडे. आईने आत्याकडे. सात पिढ्यांचा वारसा सांगणारी आत्या दोन्ही ढेपांकडे आळीपाळीने बघत पुष्कळ वेळ उभी राहिली.

"दोनय दी," ती म्हणाली. "आणि आला जरा जास्त घाल."